एकशे अठ्ठ्याऐंशी पानं

१

लिफ्टच्या कंपनीत मी एकतीस वर्षं तक्रारी घेतल्या. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतला फोन माझ्या टेबलावर वाजायचा. माणसं रडायची, शिव्या घालायची, एक गृहस्थ तर मला मृत्युपत्र सांगायला लागले होते. मी सगळ्यांना एकच वाक्य ऐकवायचे, "घाबरू नका, माणूस निघालाय." बहुतेक वेळा माणूस निघालेला नसायचा. तो जेवत असायचा. पण त्या वाक्याने समोरच्याचा श्वास जागेवर यायचा, म्हणून मी बिनदिक्कत खोटं बोलायचे.

निवृत्त झाल्यावर कुणाचा फोन येईना. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यातली आतली आईची. आईला जाऊन चार वर्षं झाली तरी मी तिच्या खोलीत झोपत नाही, फक्त केर काढते. रिकाम्या वेळाचं करायचं काय म्हणून मी पुस्तक लिहिलं. अडकलेल्या लोकांचे किस्से, थोडं माझं, थोडं आईच्या आजारपणाचं. दोन प्रकाशकांनी साभार परत केलं आणि तिसऱ्याने तेही केलं नाही.

मग भाचीने सुचवलं की हल्ली आपलं पुस्तक आपणच काढता येतं. एक साईट असते, तिथे मजकूर चढवायचा, कव्हर चढवायचं, बटण दाबायचं. ई-बुक लगेच मिळतं आणि छापील प्रत कुणी मागवली तरच छापली जाते. शिवाय महिन्याची वर्गणी भरणाऱ्या लोकांना तिथली हवी ती पुस्तकं वाचता येतात, आणि आपल्या पुस्तकाची किती पानं वाचली गेली तो आकडा आपल्याला दिसतो. कोण वाचतंय ते मात्र दिसत नाही.

माझं पुस्तक एकशे चौसष्ट पानांचं झालं. भाचीने लगेच पाच तारे देऊन अभिप्राय लिहिला. साईटने तो दोन दिवसांत काढून टाकला, नातेवाइकांचे चालत नाहीत म्हणे. त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक.

२

पहिले सहा महिने आकडा शून्य होता. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी बघायचे, मग घासल्यावर बघायचे. ज्यांनी ज्यांनी असं स्वतःचं पुस्तक काढलंय ते सगळे हेच करतात असं भाची म्हणाली, म्हणून मला माझी लाज वाटेनाशी झाली.

सातव्या महिन्यात एका सकाळी तिथे आठ दिसले. दुसऱ्या दिवशी सोळा. मी खुर्चीत बसूनच राहिले. कुणीतरी, कुठेतरी, रोज आठ पानं वाचत होतं. आठच्या वर नाही, खाली नाही. मला त्या माणसाची चाल कळायला लागली. मी पुस्तक उघडून त्या त्या दिवशी ती ती आठ पानं आपणही वाचू लागले. चार वर्षांत कुणाबरोबर जेवले नव्हते, पण वाचायला सोबत मिळाली.

खरं सांगते, मला वाटलं ती धाकटी असेल.

धाकटी म्हणजे माझी बहीण. आई गेली त्या आठवड्यात मी तिला तीन निरोप पाठवले आणि ती आली नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही. तिची मुलगी, माझी भाची, तिच्या चोरून माझ्याकडे येते. पुस्तकातल्या नवव्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य आहे, 'धाकटी आली नाही.' ज्या दिवशी आकडा त्या पानावरून पुढे गेला त्या दिवशी मी फोन मांडीवर घेऊन बसले होते. फोन वाजला नाही. आकडा दुसऱ्या दिवशी आठने पुढे गेला.

३

एकविसाव्या दिवशी आकडा एकशे चौसष्टवर पोहोचला आणि मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. वाचून झालं, आता तो माणूस जाणार. निरोप द्यावा म्हणून मी शेवटचं पान मोठ्याने वाचलं.

दोन दिवसांनी आकडा एकशे सहासष्ट होता.

"मावशी, दुसऱ्या कुणीतरी सुरू केलं असेल," भाची म्हणाली. "उलट पेढे वाट! वाचक दुप्पट झाले."

पटण्यासारखं होतं. मी तिला हो म्हटलं. पण एकतीस वर्षं तक्रारी ऐकल्यावर कान तयार होतात. फोन उचलताच मला कळायचं की हा मघाचाच माणूस आहे, नाव बदलून बोलतोय. हा वाचक नवा नव्हता. तोच होता, आणि पुस्तक संपल्यावरही वाचत होता.

४

त्यानंतर आठ-आठ पानांची चाल मोडली. चार-चार दिवस काहीच नाही, मग एकदम दोन पानं, मग अर्धं. अर्धं पान मोजणारी साईट मी पहिल्यांदाच पाहिली. मी माझ्या जुन्या सवयीने वहीत तारखा लिहू लागले.

एकशे सहासष्टच्या पुढची पहिली दोन पानं वाचली गेली त्या दिवशी माझी दाढ काढली होती. दंतवैद्याने इंजेक्शन देताना विचारलं होतं की सोबत कोण आलंय, आणि 'खाली गाडीत बसलेत' असं मी सांगितलं होतं. खाली कुणी नव्हतं. गाडीही नव्हती.

नंतरची तीन पानं खालच्या मजल्यावरच्या बाईंशी पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं त्या दिवशीची. अर्धं पान, फ्रिज दुरुस्त करणारा येऊन गेला तेव्हाचं. ज्या ज्या दिवशी मी दिवसभर घरात बसून टीव्ही बघितला, त्या त्या दिवशी शून्य.

मी वही मिटली. डोक्यात खूळ शिरलंय, मी स्वतःला बजावलं, एकटी राहतेस म्हणून नाही नाही ते सुचतं. खातरजमा करावी म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम आईचं कपाट उघडलं. चार वर्षं न उघडलेलं. तिचा स्वेटर हुंगला आणि ओक्साबोक्शी रडले. तासाभराने येऊन आकडा पाहिला. दोन पानं वाढली होती.

एकशे त्र्याहत्तर आणि अर्धं.

५

याच सुमारास मी एक साधी गोष्ट करायला गेले. पुस्तकाच्या मागच्या बाजूला माझा फोटो होता, त्यात मी रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसत होते. तो बदलून मी नवं कव्हर चढवलं. साईटने नाकारलं.

कारण दिलं होतं. छापील पुस्तकाचा कणा, म्हणजे कपाटात उभं ठेवल्यावर दिसते ती बाजू, पानांच्या हिशेबाने जाड-बारीक धरावी लागते. माझ्या कव्हरचा कणा बारीक पडत होता. तो एकशे चौसष्ट पानांचा होता आणि पुस्तकाची पानं एकशे अठ्ठ्याऐंशी होती.

मी माझी मूळ फाईल उघडून मोजली. एकशे चौसष्टच. मग साईटवर छापण्यापूर्वीची पानं बघायची सोय असते ती उघडली. तिथे सगळी पानं नखाएवढी होऊन ओळीने मांडलेली दिसतात. एकशे चौसष्टच्या पुढे आणखी पानं होती. अक्षरं लागत नव्हती, पण परिच्छेद दिसत होते, संवादाच्या तुटक ओळी दिसत होत्या. कुणीतरी नीट, समास सोडून, माझ्यासारखंच मांडलं होतं. मी एका पानावर बोट ठेवलं. ते मोठं व्हायच्या बेतात आलं आणि नुसतं चाक फिरत राहिलं.

एकशे अठ्ठ्याऐंशीवं पान मात्र तसंही कळत होतं. वर चार ओळी होत्या. खाली सगळं कोरं.

म्हणजे मी जगत होते ते तो वाचत होता, आणि माझं जगणं तिथवरच लिहिलेलं होतं. वाचणारा एकशे त्र्याहत्तरवर होता.

६

मी साईटच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंचा आवाज गोड आणि थकलेला होता. मी लगेच ओळखलं, ही माझ्याच जातकुळीची.

"मॅडम, आमच्याकडे एकशे अठ्ठ्याऐंशीच दिसतायत."

"पण मी तेवढी लिहिली नाहीत."

"असं होतं मॅडम कधी कधी. जुनी फाईल राहून जाते." हे मी "माणूस निघालाय" म्हणायचे त्याच सुरात होतं.

"तुम्हाला ती पानं उघडता येतात का?"

"हो, आमच्याकडे उघडतात ना. थांबा हं." बराच वेळ तिकडे नुसतं माऊसचं टकटक ऐकू आलं. मग ती बोलली तेव्हा आवाजातला थकवा गेला होता. "मॅडम, फार छान लिहिलंय हो. तुमची बहीण येते तो भाग वाचून मला तर भरूनच आलं. आणि मग शेवटी ते…"

"नका सांगू!" मी ओरडले.

"सॉरी मॅडम. तुम्हीच लिहिलंय म्हणून म्हटलं."

मी फोन ठेवला. म्हणजे धाकटी येणार होती. चार वर्षं मी ज्याची वाट बघितली ते शेवटच्या पानांत होतं, आणि त्यापुढे चार ओळी होत्या.

७

पुस्तक विक्रीतून काढून टाकायचं बटण असतं. ते मी त्याच दुपारी दाबलं. उत्तर आलं की पुस्तक काढलं आहे, मात्र ज्यांनी ते आधीच उघडलं आहे त्यांच्याकडे ते राहील.

मग एकच उपाय उरला. काही घडूच द्यायचं नाही.

लोकांना वाटतं यात काय अवघड आहे, पण करून बघा. दारावर कुणी आलं तर उघडायचं नाही, कारण बोलणं होतं. खिडकीत उभं राहायचं नाही, रस्त्यावर काहीतरी दिसतं. भाचीला खोटं सांगितलं की मी महिनाभर यात्रेला जातेय. सकाळी भात, रात्री तोच भात. आठवणीही आवरायच्या. आईची आठवण फार आली की मी लिफ्टचे सुटे भाग मनात म्हणायचे, कप्पी, दोर, ब्रेक, दार, कप्पी, दोर. एक चूक सोडली तर सव्वीस दिवस मी आकडा तसूभर हलू दिला नाही. कंपनीने मला याबद्दल मानपत्र द्यायला हवं होतं.

पण घर इतकं गप्प झाल्यावर मला एक आवाज ऐकू येऊ लागला. भर दुपारी, आईच्या खोलीतून. आधी वाटलं कॅलेंडर फडफडतंय, म्हणून मी जाऊन ते काढून ठेवलं. आवाज तरीही यायचा. कुणीतरी ओठांवर बोट ओलं करायचं आणि कागदाचा कोपरा उचलायचं. पान उलटायचं नाही. नुसता कोपरा धरून थांबायचं.

वाट बघत असायचं ते. मी काहीतरी करावं म्हणून.

एकदा मला इतकं एकटं वाटलं की मी त्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हटलं, "जेवलात का?" खोलीत पलंग होता, कपाट होतं, खुर्ची भिंतीला लावलेली होती. परत येऊन बघते तर आकडा वाढलेला. माझ्याच मूर्खपणाने एक पान गेलं.

८

सत्ताविसाव्या दिवशी फोन वाजला. नंबर अनोळखी होता, आणि एकतीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला.

"ताई, मी बोलतेय."

"कोण मी?"

"चार वर्षांत आवाज विसरलीस होय गं?"

मी भिंतीला टेकले. कप्पी, दोर, ब्रेक, दार.

"लेकीने तुझं पुस्तक आणून दिलं," धाकटी म्हणाली. "तो ई-बुक प्रकार मला जमत नाही, छापील मागवलं होतं तिने मागेच. नववं प्रकरण वाचलं मी."

"मग?"

"मग काय मग! फोनवर नाही बोलायचं मला. रविवारी येते."

"रविवारी नको."

"मग सोमवारी."

"सोमवारी पण नको. मला बरं नाहीये."

"बरं नाहीये म्हणूनच येते. आणि तू यात्रेला गेली आहेस ना? मग आत्ता फोन कुणी उचलला, देवाने?"

मला हसू फुटलं. आवरायच्या आत फुटलं. लहानपणी ती असंच बोलून मला हसवायची आणि मग मार मात्र मला बसायचा. तिने फोन ठेवला तरी मी कितीतरी वेळ तो कानालाच धरून होते. आतल्या खोलीत पान उलटल्याचा आवाज झाला. मग आणखी एक. मग सलग, घाईघाईने, भुकेलेल्या माणसाने घास उचलावेत तसा.

एकशे चौऱ्याऐंशी.

९

रविवारी अकराला बेल वाजली. मी दाराच्या आत, जमिनीवर बसले होते, टॅब मांडीवर. बेल दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्यांदा. आकडा एकशे शहाऐंशी झाला.

मी श्वास रोखून धरला. ती कंटाळून जाईल. गेली की पुन्हा भात, पुन्हा शून्य, आणि मी कितीही वर्षं जगेन. दोन पानं मला शंभर वर्षं पुरवता येतील. मला जमतं ते.

"ताई, मला माहितीये तू आत आहेस," धाकटी म्हणाली. "चपला बाहेर आहेत तुझ्या."

मी टॅब छातीशी धरला.

"बरं, नको उघडूस. ऐक नुसतं. तू लिहिलंयस मी आले नाही. मी आले होते." तिचा आवाज दाराच्या अगदी जवळ आला. "इथेच उभी होते. आईचा खोकला ऐकू येत होता. तू तिला म्हणत होतीस, येईल गं, निघालीये ती, घाबरू नकोस. माझं बोट बेलवर होतं. आणि मी परत गेले."

मी टॅब बाजूला ठेवला.

"का गेले ते मी आजवर कुणाला सांगितलं नाहीये. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुला समोर बसून सांगणार होते. पण राहू दे. तुझंही बरोबर आहे. चार वर्षांपूर्वी मी दाराबाहेरून गेले, आज तू मला पाठव, फिटंफाट."

ती जिन्याची एक पायरी उतरली. दुसरी उतरली. धाकटीचा डावा गुडघा दुखतो, तो पाय ती आपटून टाकते, ते मला दारातून कळत होतं. चार वर्षं मी एकच प्रश्न मनात घोळवत बसले होते आणि त्याचं उत्तर पायऱ्या उतरत होतं. मी काय वाचवत होते? उरलेली दोन पानं, आणि ती कशासाठी, तर कोरीच ठेवायला. मला माझी भयंकर दया आली, आणि रागही आला.

मी उठले आणि दार उघडलं.

ती पाचव्या पायरीवर होती. तिने वर पाहिलं. केस पांढरे झाले होते तिचे, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली.

"वर ये," मी म्हटलं.

आम्ही बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसलो. ती रडली, मी रडले, तिने माझा चष्मा आपल्या पदराने पुसला आणि आणखी मळवला. टॅब दाराशी पालथा पडला होता. मी तिकडे पाहिलं नाही. माझी आतल्या खोलीकडे पाठ होती आणि तिचं तोंड.

"ताई, त्या दिवशी काय झालं होतं…" तिने सुरुवात केली आणि ती थांबली. माझ्या खांद्यावरून आत बघू लागली. मग पुढे झुकून हळूच म्हणाली, "आत कोण बसलंय?"

मी वळले नाही.

"पाहुणे आहेत का? सांगायचंस तरी आधी. त्यांच्यासमोर कसं बोलू मी?"

माझ्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आणखी जवळ.

मी धाकटीचे दोन्ही हात धरले. गार होते, आईचे असायचे तसे. तिला माझे कसे लागले कुणास ठाऊक.

"असू दे. तू बोल," मी म्हटलं. "पण सावकाश बोल. अजिबात घाई करू नकोस."